दोन बोटं सैल

माझ्या कमरेला त्या दिवसांत कायम एक पाना खोचलेला असे. चौदा-पंधराचा, एका तोंडाला थोडा झिजलेला. एकदा सासुरवाडीला पंगतीत बसताना तो टणकन ताटात पडला, तेव्हा सासऱ्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. पण पाना काही सुटला नाही. सुरतेत बमरोलीला लूमच्या कारखान्यात मी जॉबर होतो. जॉबर म्हणजे माग बिघडला की त्याला ताळ्यावर आणणारा माणूस. बेचाळीस माग माझ्याकडे होते आणि बेचाळीसही रात्रंदिवस थरथरत असत.

थरथरणाऱ्या यंत्राचं मुख्य दुखणं एकच, नट सैल होतात. नट सैल झाला की कापडात पट्टा पडतो, पट्ट्याचं कापड व्यापारी परत पाठवतो, आणि मग आमचा शेठ ज्या शिव्या द्यायचा त्या फक्त सुरतेतच तयार होत असाव्यात. म्हणून पाळी सुरू होण्याआधी मी सगळ्या मागांवरून एक फेरी मारायचो आणि जिथे हात पोचेल तिथे पाव आटा आवळून ठेवायचो. बिघडायची वाट कशाला पाहायची? बारा वर्षांत हाताला ही खोडच लागली. कुकरचं हँडल असो, खाटेचे बोल्ट असोत, शेजाऱ्याच्या सायकलची सीट असो, काही सैल दिसलं की माझा हात आपोआप कमरेकडे जाई. लोक याला माझं कसब म्हणत. मीही तसंच म्हणत असे.

मोटरसायकल घेतली ती बायकोच्या नोकरीसाठी. ती धुळ्याकडची, डी.एड. झालेली. लग्नानंतर सहा वर्षं आमच्या गोडादऱ्याच्या दोन खोल्यांत तिचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून होतं. तिनं कधी कुरकुर केली नाही. पण वर्षातून एकदा पेटीतले कपडे उन्हाला टाकताना ते प्रमाणपत्र ती जरा जास्तच वेळ पुसत बसायची, हे मला दिसत होतं. मग एक दिवस कळलं की सचिनकडे कामगारांच्या पोरांसाठी एक लहानशी मराठी शाळा चालते आणि तिथे बाई हव्या आहेत. ती गेली आणि तिला घेतलं. पहिलीचा वर्ग, सकाळची शाळा, सव्वासातची घंटा, पगार बेताचा. पहिल्या दिवशी घरी आल्यावर तिनं वर्गातल्या एकेका पोराची नक्कल करून दाखवली. कोण नाक कसं ओढतो, कोण ‘बाई, शी’ कसं म्हणतो, सगळं. सहा वर्षांत मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटली.

अडचण होती ती जाण्याची. गोडादऱ्याहून सचिन चौदा किलोमीटर. सकाळची पॅसेंजर पोचेपर्यंत शाळेची प्रार्थना आणि पहिला तास दोन्ही उरकलेले असत. दुपारी परतताना घाई नव्हती, ती आपली येत असे कशीही. प्रश्न सकाळचा होता. त्याच सुमारास कारखान्यातला एक जण कायमचा गावी परत चालला होता. त्याची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल मी घेतली. माझ्याआधी ती दोघांनी वापरलेली. टाकीच्या रंगाचे पोपडे निघालेले आणि किलोमीटर मोजणारा काटा कधीचाच मेलेला. पण मी मनात म्हटलं, माझ्या हातात आली की सुधारेल.

लिटरला साठ जाते, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पहिले काही दिवस गेलीही. काटा मेलेला असला तरी आमचा रस्ता ठरलेला होता, त्यामुळे समजायला अडचण नव्हती. सकाळी तिला सचिनला सोडायचं, तिथून उलट बमरोलीला कामावर यायचं, संध्याकाळी घरी. दिवाळी आली तेव्हा साठाचे पन्नास झाले होते. मग चाळीस. थंडी पडेपर्यंत गाडी तिसावर आली. रोज एक लिटर पेट्रोल उडायला लागलं आणि तिच्या पगारातला मोठा वाटा टाकीतच जायला लागला. दर रविवारी मी गाडीची जातीनं सेवा करत होतो, मागांवर करायचो तशीच फेरी गाडीवरून मारत होतो, आणि तरी ही बया दर आठवड्याला जास्तच पीत होती.

मी दोषी शोधायला लागलो आणि माझ्या स्वभावाप्रमाणे सुरुवात दुसऱ्यांपासून केली. आधी पंपावर भांडलो. म्हटलं, पेट्रोलमध्ये घासलेट मिसळता तुम्ही. तिथल्या माणसानं शांतपणे माझ्या तळहातावर दोन थेंब सोडले आणि फुंकर मारली. हात क्षणात कोरडा झाला, तेलकट काही उरलं नाही. ‘‘बोलो, चिकना लगता है क्या?’’ असं त्यानं विचारलं, तेव्हा मागे उभे असलेले चार जण हसले. मी पंप बदलला. फरक शून्य. मग विकणाऱ्याला गावी पोस्टकार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं होतं ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याचं उत्तर आलं नाही हे बरंच झालं.

मग मेस्त्री. उधन्याला रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गुजराती मेस्त्री बसायचे, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी गाडी जराशी पुढेमागे ढकलून पाहिली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत काम आटोपलं. चेन सैल केली, मागच्या ब्रेकचा नट मागे घेतला, कार्बोरेटरवरचा हवेचा छोटा पितळी स्क्रू थोडा बाहेर काढला. मी म्हटलं, बस, एवढंच? काका म्हणाले, ‘‘चेन बे आंगळ ढीली जोईए, भाई. आ तमारी लूम नथी.’’ चेन दोन बोटं सैल हवी, हा काही तुझा माग नाही.

पैसे त्यांनी इतके थोडे घेतले की माझा संशय आणखी वाढला. घरी येऊन पाहतो तर चेन झोळीसारखी लोंबतेय आणि ब्रेकवर पाय ठेवला की तो आधी नुसताच खाली जातोय. हे काम म्हणायचं? माझ्या कारखान्यात असं कोणी केलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. मी पाना काढला. बोटानं छेडली तर वाजेल इतकी चेन ताणली. ब्रेकचा नट आवळला, क्लचची तार ओढून घेतली, आणि तो हवेचा स्क्रू पार आत बसवून टाकला. मग हात पुसून समाधानानं चहा प्यायलो. हे असं एकदा नाही, तीनदा झालं. काका सैल करायचे, मी घरी येऊन आवळायचो, आणि कारखान्यात सांगायचो की उधन्याचा तो म्हातारा नुसता नावाचा मेस्त्री आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी भेस्तानच्या पुढे गाडी आचके देत बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. मी गाडी आडवी केली, टाकीला कान लावला, टाकी हलवली. काही उपयोग नाही. पंप दीडेक किलोमीटर पुढे होता. तिनं शाळेची पिशवी हँडलला अडकवली, पदर खोचला आणि मागून ढकलायला लागली. मी हँडल धरून पुढे. गाडी न्यूट्रलमध्ये होती, रस्ता सपाट होता, आणि तरी ती ओल्या मातीत रुतल्यासारखी हलेना. थंडीतही आम्ही दोघं घामाघूम झालो. ट्रकवाले हॉर्न मारत जात होते. मध्येच ती थांबली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘आहो, इंजिन ते बंद शे. मंग चाकले कोन धरी ठेयेल शे?’’

इंजिन तर बंद आहे, मग चाकाला कुणी धरून ठेवलंय? अगदी सरळ प्रश्न होता. पण माझं डोकं तापलेलं. ‘‘तू गुपचूप ढकल,’’ मी खेकसलो. ती गुपचूप ढकलायला लागली.

शाळेत ती अर्धा तास उशिरा पोचली. तोवर पहिलीची पोरं ओसरीत हुंदडत होती आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आपटून रडारड झाली होती. अशी उशिराची ही तिसरी खेप. मुख्याध्यापिकाबाई वाईट नव्हत्या, पण सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या की बाई, असं चालणार नाही, जमत नसेल तर तसं सांगा. संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं वहीतला एक कागद फाडला आणि बसून राजीनाम्याचा अर्ज लिहिला. तिचं अक्षर फार सुरेख. ‘घरगुती अडचणीमुळे’ असं त्यात लिहिलं होतं. ती घरगुती अडचण समोरच खाटेवर बसली होती.

‘‘सोमवारे दी टाकसू,’’ ती म्हणाली. ‘‘पगार टाकीमा आनी इज्जत रस्तावर. कसाले?’’ कशासाठी करायचं हे सगळं?

ती रडली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण तिनं कागदाची नीट चौपदरी घडी केली, आपल्या पैशांच्या पाकिटात ठेवली आणि भांडी घासायला घेतली. मला एकदम ती पत्र्याची पेटी आठवली. आता ते प्रमाणपत्र पुन्हा तळाशी जाणार आणि या वेळी ते वर निघायचं नाही, असं वाटलं.

रविवारी सकाळी गाडी दारापुढे मोठ्या स्टँडवर लावली. चाकाला कुणी धरून ठेवलंय, हा बायकोचा कालचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. मागचं चाक जमिनीपासून वर होतं, ते मी हातानं जोरात फिरवलं. चाक अर्धं फिरलं, खर्रकन आवाज आला आणि थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा अर्ध्यावर थांबलं.

मी तिथेच जमिनीवर बसलो. आमच्याकडे माग बंद असताना जॉबर पहिल्यांदा काय करतो? पट्टा उतरवून मागाचं चाक हातानं फिरवून पाहतो. चांगला माग एका हातानं अलगद फिरतो. फिरला नाही तर आम्ही म्हणतो, माग बांधला गेलाय. हे मी कामावर लागलो त्या पहिल्या आठवड्यात शिकलो होतो आणि त्यानंतर शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि या गाडीचं चाक मी इतक्या महिन्यांत एकदाही हातानं फिरवून पाहिलं नव्हतं. फक्त आवळलं होतं. चालत्या गाडीला मागून ब्रेक धरून ठेवत होता, चेन तिला ओढत होती, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जात होतं, आणि हे सगळं करणारा पाना माझ्याच कमरेला होता. पंपवाला, विकणारा, काका, सगळ्यांवर माझं तोंडसुख घेऊन झालं होतं. मला स्वतःचा इतका राग आला की पाना उचलून गटारात टाकावासा वाटला.

टाकला नाही. कारण सैल करायलाही तोच लागणार होता. आणि सांगतो, बारा वर्षांत आवळायला कधी लागला नसेल इतका जोर मला त्या दिवशी नट सैल सोडायला लागला. हात मागे येईच ना. ब्रेकचा नट एक आटा मागे घ्यायचो आणि नकळत अर्धा आटा परत पुढे. ती दारात बसून तांदूळ निवडत होती, तिला ते दिसलं. ‘‘तुमना हातले ढिलं काही सोसातच नही,’’ ती म्हणाली. मग ताट बाजूला ठेवून उठून आली आणि माझ्याजवळ उकिडवी बसली.

त्यानंतर मी सैल करत गेलो आणि ती चाक फिरवून वर्गात मोजावं तसं मोठ्यानं मोजत गेली. एक. पुन्हा सैल. एक, दोन, तीन. पुन्हा. शेवटी चाक नऊ फेरे फिरून आपण होऊन थांबलं, तेव्हा तिनं टाळी वाजवली. चेन किती सैल ठेवायची ते तिनं स्वतःची दोन बोटं लावून पाहिलं. मी म्हटलं, काकांची बोटं जाड आहेत. तिनं बोटं जरा फाकवली. क्लचच्या तारेला थोडी ढील दिली. हवेचा स्क्रू आत बसवून दीड आटा बाहेर काढला, काका काढायचे तसाच. हवेची जाळी उघडली तर आत मागांवरून उडणारा सुताचा भुस्सा भरून बसलेला. गाडी धुळीत नको म्हणून मी ती कारखान्याच्या आत, मागांच्या शेजारीच लावत असे. ही अक्कलही माझीच.

मग टाकी पूर्ण रिकामी केली आणि तिच्या दुधाच्या मापानं मोजून एक लिटर पेट्रोल परत ओतलं. ओतायला वर्तमानपत्राची सुरळी केली होती. ती मी घाईत धरली, त्यामुळे बरंचसं इंजिनावर सांडलं आणि मी दोन शिव्या हासडल्या. तिनं टाकी पुन्हा रिकामी करायला लावली आणि लिटर नव्यानं मोजून दिलं. मी म्हटलं, बस मागे, पाहू किती जाते. तिनं पाकीट घेतलं आणि बसली.

आमचा रोजचाच रस्ता धरला. मी गाडीचा वेग चाळिसाच्या आतच ठेवला असेन. ॲक्सिलरेटर पिळताना मनगट आपोआप थांबत होतं. सचिनला पोचलो, चौदा. शाळेचं फाटक बंद होतं, रविवार. तिनं फाटकाकडे एकदा पाहिलं, मीही पाहिलं, आणि गाडी वळवली. परतीला ती रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होती. दगड आला की माझ्या खांद्यावर एक बोट दाबायची. घरी पोचलो, अठ्ठावीस. न उतरताच पुन्हा सचिनकडे. तीस आले, तेव्हा मी श्वास रोखून धरला, कारण एवढ्यावरच गाडी मरायची. काही झालं नाही. पस्तीस. चाळीस. भेस्तानच्या पुढची आमची जागा आली, जिथे आदल्या दिवशी घाम गाळला होता, तिथून गाडी सुरळीत पुढे गेली. माझे डोळे भरून आले. वारं लागतंय, असं मी तिला मोठ्यानं सांगितलं. तिनं काही विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा सचिन, बेचाळीस. पुन्हा ते बंद फाटक. या वेळी ती म्हणाली, जरा थांबा. उतरली, फाटकाच्या गजांतून आत पाहून आली, पुन्हा बसली. परत घरापाशी आलो तेव्हा छप्पन्न झाले होते. मी ब्रेक दाबायला गेलो तर तिनं खांदा दाबला. ‘‘थांबू नका. जाऊ द्या.’’ मग आम्ही गोडादरा मागे टाकून कडोदऱ्याच्या रस्त्याला लागलो. आता ती दगड मोजत नव्हती, पहिलीच्या पोरांना शिकवलेलं काहीतरी गुणगुणत होती. दगड मीच मोजत होतो. पाचवा दगड गेला आणि गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि बंद पडली. एकसष्ट.

गाडी बंद पडली म्हणून आयुष्यात एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

मी उतरून हँडल धरलं. ‘चल, ढकल’ म्हणायच्या आतच गाडी पुढे सरकली. मागे वळून पाहिलं तर ती एकाच हातानं ढकलत होती, दुसऱ्या हातानं पदर सावरत. गाडी अशी पळायला लागली की मलाच तिच्याबरोबर धावावं लागलं. ‘‘आहो, पाय उचला ना!’’ ती मागून ओरडत होती आणि हसत होती.

थोड्या अंतरावर एका पानाच्या टपरीत बाटलीतून पेट्रोल मिळालं. आता ओतायचं कशातून? टपरीवाल्याकडे नरसाळं नव्हतं. वर्तमानपत्र मागितलं तर त्यात तो पानं बांधत होता, द्यायला तयार होईना. मी म्हटलं, सरळ बाटलीनंच ओततो, सांडलं तर सांडलं. ती म्हणाली, थांबा. तिनं पाकीट उघडलं, चौपदरी घडीचा तो कागद काढला, उलगडला आणि त्याची घट्ट सुरळी केली. कुठे नेमकी दुमडायची ते तिला चांगलं ठाऊक होतं. शाळेत ती पोरांना कागदाच्या टोप्या करून द्यायची.

मी तिच्या हातातल्या कागदाकडे पाहत उभा राहिलो. ‘‘काय दखतस?’’ ती म्हणाली. ‘‘वता ना.’’

मी ओतलं. सुरळी तिनं धरली होती. पेट्रोल टाकीत उतरत गेलं आणि कागद खालून वर भिजत गेला. आधी तिची सही पसरली, मग ‘घरगुती अडचणीमुळे’ पसरलं, मग मुख्याध्यापिकाबाईंचं ‘माननीय’. बाटली रिकामी झाल्यावर तिनं कागदाचा बोळा करून टपरीच्या कचऱ्यात टाकला आणि टाकीवरून हात फिरवून तो मला दाखवला. हात कोरडा होता.

‘‘दखा,’’ ती म्हणाली, ‘‘एक थेंबबी सांडना नही.’’